तात्यांच्या गाडीची काच

टेबलावर लोखंडी गोळा धाडकन आदळला, चहाचा ग्लास कलंडला आणि अर्धा चहा माझ्या मांडीवर आला. ती सकाळ मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत माझ्या टेबलावर कोयते आले, गावठी कट्टे आले, शिराळ्याकडं असताना एकानं प्लास्टिकच्या बरणीत नाग आणून ठेवला होता. पण त्या गोळ्यानं मला जेवढा घोर लावला, तेवढा त्या नागानंही लावला नव्हता.

निवृत्ती जवळ आली होती. कराड आणि शिराळ्याच्या मधल्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. थंडीचे दिवस, कारखान्याचा गळीत हंगाम जोरात. धुराड्यातून उडणारी काजळी सकाळी दवाबरोबर सगळ्या गावावर बसायची, वाळत घातलेले कपडेसुद्धा सुटायचे नाहीत. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. सगळी हयात आहेत आणि एकमेकांच्या शेजारीच राहतात.

गोळा आणणारे गृहस्थ त्या गावातले बागायतदार. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, मीही तसंच म्हणतो. मनानं वाईट नाहीत, पण राग नाकावर. तो गोळा त्यांनी बाजाराच्या पिशवीतून आणला होता.

"साहेब, ह्यो बघा मुद्देमाल. ह्यानंच माझ्या गाडीची म्होरची काच फोडली. फोडणारी कोण ते बी सांगतो, लिवून घ्या."

"तात्या, आधी बसा. आणि तो गोळा खाली ठेवा, टेबल सरकारी आहे."

बसले, पण तोंड थांबेना. शेजारच्या फौजीची मुलगी पहाटे त्यांच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत गोळाफेकीचा सराव करते. आदल्या दिवशी त्यांनी तिला दम भरला होता की गोळा अंगणात आला तर याद राख. आज सकाळी मिरजेच्या दवाखान्यात जायला म्हणून ते बाहेर आले, तर पुढच्या काचेला आरपार तडा आणि हा गोळा पुढच्या चाकाशी.

"दमाचा राग धरून, सूडबुद्धीनं, अंगणात बेकायदा घुसून, जाणूनबुजून फोडली साहेब."

इथं माझे कान टवकारले. नुकसान झालेला माणूस ठाण्यात येतो तेव्हा आधी नुकसान सांगतो. काच केवढ्याची, गाडी कधी घेतली, आता दवाखान्यात कसा जाऊ, हे आधी येतं. तात्या आधी कलमं सांगत होते. 'सूडबुद्धीनं' आणि 'बेकायदा घुसून' हे शब्द उसाच्या फडात उगवत नाहीत, कुणीतरी ते कानात सोडलेले असतात. आणि शब्द नेमके होते. नुसती काच फुटली म्हटलं की अदखलपात्र नोंद करून मी त्यांना कोर्टाची वाट दाखवली असती. घरात घुसून मुद्दाम फोडली म्हटलं की मामला दखलपात्र होतो, गुन्हा नोंदवावाच लागतो.

गुन्हा नोंदवायला माझी ना नव्हती. अडचण माझ्याच टेबलाच्या ट्रेमध्ये पडली होती. त्याच मुलीचा चारित्र्य पडताळणीचा कागद तिथं होता. ती पोलीस भरतीत निवडली गेली होती. मैदानी चाचणी झाली, लेखी झाली, यादीत नाव लागलं, आता फक्त माझा शेरा जायचा होता की हिच्यावर गुन्हा नोंद नाही. आणि इथं तात्या गुन्हा घेऊन हजर. मी एफआयआर लिहिला की माझाच शेरा मलाच उलटा लिहावा लागणार होता. पुढं कोर्टात ती सुटली असती, पण तोवर भरतीची गाडी निघून गेली असती.

मी तक्रारी अर्ज घेतला, ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीला नोंद करायला सांगितली आणि तात्यांना बजावलं, "गाडीला कुणी हात लावायचा नाही. दुपारच्या आत मी येतो."

"हात कशाला लावतोय? गाडीला फुल इन्शुरन्स हाय, साहेब. फकस्त तुमचा कागद पायजे."

ते गेले आणि पाठोपाठ त्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. पोलीस पाटील म्हणजे गावातला आमचा माणूस. हे पाटील स्वभावानं सावध, बोलायचं तर चार वेळा खोकून.

"साहेब, माझं नाव मधी घिऊ नका. पण सकाळी तात्या त्या विम्याच्या एजंटासंगट फोनवर लय येळ बोलत हुतं. आवाज मोठा, सगळ्या आळीनं ऐकलं. पोलीस केस झाली तर काच भरून मिळंल, असं कायतरी चाललं हुतं. गाडी बगितल्याबगर काय लिवू नका."

"आणि पोरगी कशी आहे?"

"पोरगी गुणाची हाय, साहेब. पण सकाळपास्नं घरात दार लावून बसलीय. ते मला बी कोडं पडलंय."

दार लावून बसलेला माणूस मला नेहमी अस्वस्थ करतो. मी तिला निरोप पाठवला. ती आईला घेऊन आली. बाप सीमेवर, घरात या दोघीच. महिला हवालदारांना समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. मुलगी उंच, खांदे रुंद, डोळे रडून सुजलेले.

"आज पहाटे सरावाला गेली होतीस?"

"नाही सर. आज गेलेच नाही."

"गोळा तुझा?"

"माझा हाय... पण काल तिथंच विसरला असंल."

अहो, खोटं बोलायलासुद्धा सवय लागते. हिला ती अजिबात नव्हती. बुटाला ताजा चिखल, त्यात काजळीचे ठिपके, आणि ही म्हणते गेलेच नाही. मला राग आला, खरं सांगतो.

"पोलिसात जायचंय ना तुला? उद्या लोकांचे जबाब तू घेणार. आणि स्वतःचा पहिलाच जबाब खोटा देतेस? तुझा कागद माझ्या ट्रेमध्ये आहे. ऊठ, जा घरी, मी माझं काय ते लिहितो."

तिची आई घाबरून उभी राहिली. मुलगी मात्र खुर्ची धरून बसूनच राहिली आणि हमसाहमशी रडायला लागली. हवालदारबाईंनी पाणी दिलं. मग सगळं बाहेर आलं.

"गेलते सर. भरती झाली तरी अंग आखडू नये म्हणून रोज जाते. आज गोळा उताराला घरंगळत तात्यांच्या फाटकातनं आत गेला. काचंला लागला न्हाई, सर, शपथ! नुसता घरंगळला. आणायला गेले, तर घराची कडी वाजली. काल तात्या लय बोलले हुते. मी भिंतीच्या आड लपले आणि मग तशीच पळाले. नंतर ऐकलं काच फुटली, आणि माझा गोळा तिथंच. कोण इस्वास ठेवणार?"

"लपली होतीस तेव्हा काय दिसलं?"

"दिसलं काय न्हाई, अंधार हुता. पाणी वतल्याचा आवाज आला. काकी सडा टाकत असतील."

काकी म्हणजे तात्यांची बायको. तिनं ते सहज सांगितलं, तिच्या दृष्टीनं त्यात काहीच नव्हतं. मी मात्र ते डोक्यात ठेवलं, दोघींना घरी पाठवलं आणि दोन पंच आणि हवालदारबाईंना घेऊन जीपनं निघालो.

तात्यांचं घर नवं, स्लॅबचं. अंगणात पाऊल ठेवलं आणि पहिल्यांदा खाली बघितलं. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत सिमेंटची गुळगुळीत फरशी. शेणसड्याचा इथं संबंधच नव्हता. मग पहाटे पाणी कशावर ओतलं?

गाडी मधोमध उभी होती, मोठी, पांढरी. पांढरी म्हणायची आपली, टपावर आणि दारांवर काजळीची बारीक काळी रांगोळी. बॉनेट मात्र चट्ट्यापट्ट्याचं. काचेखाली मधोमध पाण्याचे ओघळ उतरलेले, तेवढ्या जागेची काजळी धुऊन गेलेली आणि ओघळांच्या कडेला काळ्या रेघा साचलेल्या. बॉनेटवर पोचा नाही, ओरखडा नाही.

काच पाहिली. अपघाताच्या गाड्या मी आयुष्यभर बघत आलोय. दगड लागला की लागला त्या ठिकाणी खळगा पडतो, भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा फुटतात आणि काचेचा चुरा बॉनेटवर सांडतो. इतका जड गोळा लागला असता तर काच आत दबली असती. इथं चुरा नाही, जाळं नाही. खालच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली होती आणि नागमोडी वळत वरच्या कडेला गेली होती. आणि ती जिथून निघत होती, तिथं बरोबर ग्रामदेवाच्या नावाचा भला मोठा स्टिकर.

"तात्या, हा स्टिकर काढा."

"देवाचं नाव हाय, साहेब!"

"म्हणूनच तुम्ही काढा. मी काढणार नाही."

हात जोडून, पुटपुटत त्यांनी तो सोलला. खाली वाटाण्याएवढा जुना टवका. आतली घाण काळी पडलेली, म्हणजे आजकालचा नव्हे. नवी चीर तिथूनच सुरू झाली होती.

"हे जुनं हाय," तात्या आवाज खाली आणून म्हणाले. "हायवेला म्होरं खडीचा ट्रक चाललाता. खडा उडाला. लपवलं असं न्हाई, साहेब. रोज डोळ्याम्होरं यायचं, बघवंना, म्हणून देव लावला."

मला माझं लहानपण आठवलं. कंदील पेटलेला असताना तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की काच तडकायची आणि मग आमची पाठ तडकायची. इथं उलटं झालं असणार. रात्रभर दवात गारठलेली काच, आधीच टवका पडलेली, आणि तिच्यावर कढत पाणी. मी परसात डोकावलो. न्हाणीपाशी तांब्याचा बंब, खाली निखाऱ्याची राख अजून कोमट, बाजूला बादली उपडी घातलेली.

"आज सकाळी काच कुणी धुतली?"

"कुणी न्हाई," तात्या म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

काकी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. ट्रे हातात, पण पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, मुद्दाम. बाईमाणसाला चार पुरुषांत उलटतपासणी केली की ती गप्प होते, हे मला ठाऊक होतं. मी तात्यांशीच बोललो, पण आवाज दारापर्यंत जाईल असा.

"तात्या, तुमचा अर्ज मी गुन्ह्यात घेतला तर काय होईल ते ऐकून ठेवा. ती पोरगी पोलिसात लागली आहे. तिचा चारित्र्याचा कागद माझ्याकडं आलाय. गुन्हा नोंदला की तिची नोकरी गेली. परत यादीत नाव लागेल का नाही, देव जाणे. मंजूर असेल तर आत्ता पंचनामा लिहायला घेतो."

तात्या चपापले. नोकरीचा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. त्यांच्या डोक्यात काच होती आणि एजंट होता. ते काही बोलायच्या आत दारातून आवाज आला.

"म्हंजी? पोरीची नोकरी जाती?"

"तू आत जा," तात्या खेकसले.

"न्हाई जात." काकींनी ट्रे उंबऱ्यावर ठेवला. "आवं, पाणी मी वतलं."

पोलीस पाटील पंच म्हणून आले होते, ते खोकायचे थांबले.

"तुमचा गुडघा दुखतोय. गारठ्यात हुभं राहून काच पुसत बसला असता. काजळी नुसत्या फडक्यानं निघत न्हाई, चिकाट असती. बंबात आंघुळीचं पाणी उरलं हुतं, म्हटलं वतावं, मऊ हुईल. वतलं आन् टच्च करून वाजलं. मला वाटलं बादली वाजली. तुमी बाहीर आला तवा उमगलं."

"मग सकाळी बोलली का न्हाईस?" तात्यांचा आवाज चढला.

"कशी बोलू? तुमी फोनवर इचारत हुता, घरच्याच्या हातनं झालं तर? आन् तुमीच म्हणाला, मग छदाम बी मिळत न्हाई व्हय? ते मी ऐकलं. म्हटलं माझ्या पायी एवढं नुकसान! गप बसले. पोरीला नुसतं रागं भरतील, पैसं मागतील, मग मी माझ्या जवळचं गुपचूप दीन म्हटलं." त्या माझ्याकडं वळल्या. "साहेब, काय लिवायचं ते माझ्या नावानं लिवा. मला कुठं भरतीला जायचंय?"

शेवटचं वाक्य त्या इतक्या सरळपणे बोलल्या, की महिला हवालदारांनी तोंड फिरवून पदर नसतानाही डोळे पुसले. माझ्या छातीवरचं ओझं त्या क्षणी उतरलं, हे मी कबूल करतो. तात्या मात्र लाल झाले होते. हे घरात गेल्यावर काकींचं काय करतील, याची मला काळजी वाटली. म्हटलं, इथंच काय तो सोक्षमोक्ष लावू.

"तात्या, त्या एजंटाला फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा."

एजंट मलकापूरचा. तात्यांचा नंबर बघून खुशीत बोलला, "झाली का केस, तात्या?"

"मी ठाण्याचा प्रभारी बोलतोय," मी म्हटलं. पलीकडची खुशी तिथंच आटली. "मला एक सांगा. घरच्या माणसाच्या हातून चुकून काच तडकली, तर विमा मिळत नाही का?"

"तसं नाही सर... अपघातच धरतात तो. मी फक्त म्हटलं, पोलीस केस असली की क्लेमला जोर येतो."

"म्हणजे केस नसती तरी तात्यांना काच मिळाली असती?"

बराच वेळ कागदाची खसफस ऐकू आली. मग घसा साफ करून तो म्हणाला, "सर, प्रॉब्लेम असाय... तात्यांची पॉलिसी मध्ये लॅप्स झालती. नूतनीकरणाच्या वेळी कंपनीचा मुलगा येऊन गाडीचे फोटो काढून गेला. काचेला खाली टवका होता. तो फोटोत आलाय. अशा वेळी कंपनी तेवढी काच पॉलिसीतून वगळते. काच बदलून परत दाखवली तरच ती आत घेतात."

"मंजी?" तात्या फोनवर ओरडले. "फुल इन्शुरन्स म्हणालास की रं गड्या!"

"फुलच आहे तात्या. फक्त पुढची काच सोडून. आणि काच आत असती तरी बसवायचा गम, कडेच्या पट्ट्या यांचे पैसे तुम्हालाच पडले असते, शिवाय क्लेम न केल्याबद्दल मिळणारा वर्षाचा बोनस गेला असता. छापलेलं असतंय सगळं मागच्या पानावर."

"मग सकाळी बोलला का न्हाईस?"

"सकाळी मी फाइल बघितली नव्हती."

घ्या! मी फोन बंद केला. त्या एजंटाला दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावून मी जे काही ऐकवलं, ते इथं छापण्यासारखं नाही.

तात्या गाडीच्या बंपरवर मटकन बसले. मी त्यांना सावकाश समजावलं की केस केली असती तरी कंपनीनं दमडी दिली नसती. हिनं पाणी ओतलं असतं किंवा नसतं, पोरीनं गोळा मारला असता किंवा नसता, ती काच आधीपासून त्यांच्याच खिशातून यायची होती. एका पोरीच्या आयुष्याची माती झाली असती आणि बदल्यात हातात काहीच पडलं नसतं.

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. थंडीत. मग बायकोकडं बघितलं आणि जरा वेळानं त्यांना हसूच फुटलं.

"आगं, रडतीस कशाला? तुझ्यामुळं काय गेलं न्हाई. ती गेल्यालीच हुती. च्यायला, देव लावला हुता वरनं, त्यो तरी काय करंल!"

काकी हसल्या आणि मग खऱ्याखुऱ्या रडायला लागल्या. पोलीस पाटलांना आता खोकायची गरज उरली नव्हती, ते मोठ्यानं म्हणाले, "चहा निवला की वं!" तो गार चहा आम्ही सगळे प्यालो. मला तो फार गोड लागला.

तात्यांनी त्याच दिवशी ठाण्यात येऊन दुसरा अर्ज दिला की तक्रार गैरसमजातून होती. मी स्टेशन डायरीला तशी नोंद केली आणि त्या मुलीच्या पडताळणीच्या कागदावर स्वच्छ शेरा मारून तो वर पाठवला. तिला सांगायला मी स्वतः गेलो, खरं तर शिपाई पाठवता आला असता. दारातच उभी राहून, आईच्या खांद्यावर डोकं टेकवून तिनं मोठा श्वास सोडला. मी तिला एवढंच म्हटलं, "पहिल्या प्रश्नाला खरं बोलली असतीस तर माझा निम्मा दिवस वाचला असता." आज ती आपल्याच भागात नोकरीला आहे. लोक सांगतात की जबाब घेताना ती फार शांत असते, घाबरलेल्या माणसाला आधी पाणी देते.

आता सांगलीत निवांत बसलेला असताना लोक विचारतात, एवढ्या खुनाच्या केसेस केल्या, त्यातली एखादी सांगा. मी ही सांगतो. त्यातून काय शिकलो, असं कुणी विचारलं तर आधी व्यवहाराचं सांगतो. विम्याला 'फुल' म्हटलं की काय काय सोडून फुल, हे गाडी घेतानाच विचारा. काचेला टवका पडला तर देव लावू नका, काच बघणाऱ्याला दाखवा. लोक हसतात आणि बहुतेक जण घरी जाऊन स्टिकरच्या खाली बघतात.

पण मला स्वतःला जे शिकायला मिळालं ते वेगळं आहे. ठाण्यात माणसं खरं बोलतात ती बहुधा खोट्याचा उपयोग संपल्यावर. पुरावा पुढं ठेवला, साथीदार फुटला, की मग कबुली येते. त्या दिवशीही एजंटचा फोन आधी झाला असता, तर काकींना बोलणं सोपं गेलं असतं, कारण गमावण्यासारखं काही उरलंच नसतं. त्या बोलल्या तेव्हा त्यांच्या समजुतीप्रमाणं सगळं नुकसान त्यांच्या माथ्यावर येणार होतं आणि तात्या समोर उभे होते. शेजारच्या पोरीची नोकरी जाते एवढं त्यांना कळलं आणि तेवढं त्यांना पुरलं.